हेगमधली दोन न्यायालयं: आयसीजे आणि आयसीसी

‘हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल’ एवढ्यावर भागवणारी बातमी अर्धवटच समजावी. नेदरलँड्समधल्या त्या शहरात अशी दोन न्यायालयं आहेत, आंतरराष्ट्रीय न्यायालय (आयसीजे) आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय (आयसीसी), आणि आपल्या वृत्तवाहिन्या त्यांची सर्रास खिचडी करतात.

हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांचं प्रकरण गेलं ते आयसीजेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयात. तिथे दावा फक्त देशाने देशावर लावायचा. त्यामुळे जाधव स्वतः पक्षकार नव्हतेच. खटला भारत विरुद्ध पाकिस्तान असा होता. त्यांनी हेरगिरी केली की नाही, हे ठरवायलाही कोणी बसलं नव्हतं. अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू द्यायचा, असं १९६३ चा व्हिएन्ना करार सांगतो. पाकिस्तानने तो होऊ दिला नाही, ही भारताची तक्रार. १७ जुलै २०१९ ला ती १५ विरुद्ध १ मतांनी मान्य झाली आणि इकडे पेढे वाटले गेले. पण निकालपत्राचा शेवटचा परिच्छेद काढून बघा. एकेका मुद्द्यावर किती मतं पडली ते तिथे ओळीने दिलंय. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका, असा आदेश आहे, सुटकेचा नाही. ती मागणी आधीच्या परिच्छेदांतच अमान्य झाली होती. निकाल वाचायचा तर मी शेवटाकडूनच सुरुवात करतो.

आयसीसी हे फौजदारी न्यायालय. १९९८ च्या रोम कराराने ठरलं, २००२ पासून अस्तित्वात आलं. इथे आरोपी हाडामांसाचा माणूस असतो आणि आरोप वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे किंवा आक्रमणाचा. भारत सदस्य नाही, पाकिस्तानही नाही.

एखादं प्रकरण शोधताना आधी त्याचं शीर्षक बघावं: दोन देशांची नावं असली तर आयसीजे, ‘अभियोक्ता (प्रॉसिक्युटर) विरुद्ध अमुक’ असलं तर आयसीसी. गाझाबाबत दोन्हीकडे प्रकरणं आहेत, म्हणून गोंधळ जास्त. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये इस्रायलवर दावा लावला तो आयसीजेत. जानेवारी २०२४ मध्ये तिथून आले ते अंतरिम आदेश, अंतिम निकाल नव्हे. ‘इस्रायल दोषी’ म्हणणारे मथळे चूक होते. इस्रायलच्या नेतान्याहूंवर नोव्हेंबर २०२४ मध्ये अटकेचं वॉरंट काढलं ते आयसीसीने.

वॉरंट निघालं तरी आयसीसीकडे स्वतःचे पोलीस नाहीत. पकडायचं काम सदस्य देशांचं. रशियाच्या पुतिन यांच्यावरही आयसीसीचं वॉरंट होतं, तरी ते सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य असूनही त्यांना कोणी अडवलं नाही. फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांना मात्र मार्च २०२५ मध्ये त्यांच्याच देशाने पकडून हेगला पाठवलं.