लाल गालांमागची कात्री

"अंगात उष्णता वाढलीय, सब्जा पी." गालांवर लाली आणि बारीक पुटकुळ्या घेऊन फिरणाऱ्या तिशी-चाळिशीतल्या माणसाला मुंबईत हा सल्ला हमखास मिळतो. त्याच्या जोडीला रक्त शुद्ध करणारा काढा असतोच. पण रक्तातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि या पुटकुळ्यांचा त्या कचऱ्याशी काही संबंध नाही. सब्ज्याने अपाय होत नाही, पण या नादात वर्षं निघून जातात आणि 'रोझेशिया' हे या त्वचेच्या आजाराचं नाव कानावरही पडत नाही.

रोझेशियाला बहुतेक जण मुरुम समजतात. मुरुमांत ब्लॅकहेड असतात, रोझेशियात नसतात. लाली गाल, नाक, कपाळ, हनुवटी अशी चेहऱ्याच्या मधोमध असते. ऊन, तिखट, दारू, मनावरचा ताण यांनी ती भडकते, कातडीची आग होते, काहींचे डोळेही चुरचुरतात. हा गोऱ्यांचा आजार आहे हा समज मात्र चुकीचा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून निदान हुकतं. आपल्यासारख्यांनी आरशापेक्षा आग आणि गरमपणा या जाणिवांकडे जास्त लक्ष द्यावं.

आता यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा भाग. आपली त्वचा स्वतःचं जंतुनाशक स्वतः बनवते. कॅथेलिसिडिन नावाचं हे प्रथिन आधी लांब आणि निष्क्रिय असतं. कॅलिक्रीन-५ नावाचं विकर (एन्झाइम) कात्रीसारखं ते कापतं आणि ३७ अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो, त्याला एलएल-३७ म्हणतात. हा तुकडा जिवाणूंचं आवरण फोडतो, पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो आणि नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतो. जखम झाली असेल तर हे सगळं हवंच. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचर्ड गॅलो यांच्या गटाने दाखवलं, की रोझेशियाच्या रुग्णांच्या चेहऱ्यात कॅथेलिसिडिनही जास्त असतं आणि कात्रीही जास्त चालते. तिथले तुकडे निरोगी त्वचेतल्यापेक्षा वेगळेही असतात. ते उंदरांच्या त्वचेत टोचल्यावर तिथे दाह सुरू झाला. म्हणजे जखम नसतानाही संरक्षणाची सगळी यंत्रणा जागी राहते.

ही कात्री चालवतं कोण? पेशींवर बसून जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-२ हा रिसेप्टर रोझेशियात वाढलेला असतो आणि त्यामुळे विकरही वाढतं. जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या चेहऱ्यावर राहणारे डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे या रुग्णांत जास्त सापडतात. त्यांचाही यात हात असावा. शिवाय हे विकर अल्कधर्मी वातावरणात जास्त जोरात काम करतं. निरोगी त्वचेचा सामू (पीएच) साधारण ५ म्हणजे आम्लधर्मी असतो, साबणाच्या वडीचा ९ ते १०. घामट हवेमुळे दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणाऱ्या मुंबईकराने हे लक्षात ठेवावं. साबण नसलेलं सौम्य फेसवॉश, दिवसातून दोनदा, पुरे. लिंबू, टूथपेस्ट आणि खायचा सोडा चेहऱ्यापासून लांबच ठेवावेत.

चहा सोडायची मात्र घाई नको. १९८१ मध्ये जोनाथन विल्किन यांनी रुग्णांना गरम कॉफी, गार कॉफी आणि नुसतं गरम पाणी देऊन पाहिलं. लाली आणली ती उष्णतेने, कॅफिनने नाही. कटिंग थोडा निवू द्यावा, एवढंच.

औषधंही याच साखळीवर काम करतात. अ‍ॅझेलाइक आम्ल कॅलिक्रीन-५ कमी करतं. डॉक्सिसायक्लिन जिवाणू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेतही उपयोगी पडतं, कारण कात्रीला धार लावणारी विकरं ते रोखतं. आयव्हरमेक्टिनचं मलम किड्यांवर चालतं. यातलं कोणतं आणि किती, हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. सनस्क्रीन मात्र रोज हवंच, पावसाळ्यातही. झिंक ऑक्साइडचं सहसा चुरचुरत नाही.

मला खरा राग आहे तो केमिस्टच्या काउंटरवर 'गोरं करणारी' म्हणून मागितल्या आणि दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांनी लाली काही दिवसांत उतरते, म्हणून माणूस ट्यूबमागून ट्यूब आणतो. त्यात कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, आणि लावणं थांबवलं की आग दुप्पट जोमाने परत येते. स्टेरॉइडने स्वतःच रोझेशिया होऊ शकतो. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात. तुम्ही असं मलम बरेच महिने लावत असाल तर ते एकदम फेकू नका. ट्यूब सोबत घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. त्यात कोणतं आणि किती जोरकस स्टेरॉइड आहे ते पाहून ते कसं बंद करायचं, हे डॉक्टर ठरवू शकतात.