ॲप दुसऱ्या रनटाइमवर नेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहिती

'आमचे ॲप नोडवर व्यवस्थित चालते, मग ते क्लाउडफ्लेअर वर्कर्सवर जसेच्या तसे का चढवता येत नाही?' असे आमचे ग्राहक वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर उत्तर. रनटाइम म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले ॲप ज्याच्यावर चालते ते सॉफ्टवेअर; नोड, डेनो आणि बन हे असे रनटाइम आहेत, आणि वर्कर्स हा क्लाउडफ्लेअर कंपनीच्या जगभरातल्या सर्व्हरवर चालणारा रनटाइम.

कोड प्रत्यक्ष चालवण्यासाठी नोड आणि डेनो क्रोममधले व्ही-8 हे इंजिन वापरतात, तर बन सफारीमधले जावास्क्रिप्टकोअर. मात्र अडचण इंजिनामुळे क्वचितच येते. फाइल, नेटवर्क आणि मेमरी या गोष्टी प्रत्येक रनटाइम आपापल्या पद्धतीने देतो. परवानगी दिल्याशिवाय डेनो ॲपला फाइल वाचू देत नाही, आणि वर्कर्समध्ये कायमस्वरूपी डिस्क नसते व मेमरीची मर्यादा 128 एमबी असते. बनने नोडशी सुसंगतता जाणीवपूर्वक जपल्यामुळे तिकडचे स्थलांतर तुलनेने सोपे जाते.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक एकच आहे : व्यवहाराचे नियम आणि रनटाइमची कामे एकाच फंक्शनमध्ये लिहिणे. भोसरीतल्या एखाद्या कारखान्याचे डिलिव्हरी चलनाचे ॲप घ्या. जीएसटीची आकडेमोड, पीडीएफ डिस्कवर लिहिणे आणि सेशन (लॉग-इन केलेल्या वापरकर्त्याची नोंद) ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीत, ठेवणे हे सारे एकत्र असेल, तर नोडवर काहीच खटकत नाही. वर्कर्सवर नोड-सुसंगतता चालू केली की बिल्ड होते, चलन तयार झाल्याचा संदेशही येतो. परंतु लिहिलेली फाइल त्या विनंतीपुरतीच असल्यामुळे तेच चलन पुन्हा उघडताना सापडत नाही, आणि पुढची विनंती दुसऱ्याच आयसोलेटकडे (ॲपच्या स्वतंत्र मेमरी असलेल्या दुसऱ्या प्रतीकडे) गेल्यास सेशनही नाहीसे होते. असे दोष चाचणीत निसटतात आणि थेट गोदामातल्या माणसाला भोवतात.

यासाठी ॲपचा गाभा 'रिक्वेस्ट' घेऊन 'रिस्पॉन्स' परत करणारा असावा. हे वेब-मानक प्रकार 2022 मधल्या नोड 18 पासून तिथेही उपलब्ध आहेत. साठवण, सेशन आणि सेटिंग्ज गाभ्याला बाहेरून पुरवावीत आणि प्रत्येक रनटाइमसाठी छोटी, वेगळी प्रवेश-फाइल ठेवावी. नोडच्या एचटीटीपी सर्व्हरसाठी तिच्यात ॲडॅप्टर (दोन्ही पद्धती जुळवणारा कोड) लागतो, बाकी ठिकाणी बहुधा काही ओळींत काम होते. चित्रे लहान करणाऱ्या 'शार्प'सारख्या नेटिव्ह पॅकेजचे (ज्यात जावास्क्रिप्टबाहेरचा, यंत्रासाठी तयार केलेला कोड असतो) काम मात्र वर्कर्सवर वेगळ्या सेवेकडे द्यावे लागते.

आधी कोडची सशुल्क तपासणी केल्याशिवाय आम्ही स्थलांतराचा दर सांगत नाही, याबद्दल काहींची नाराजी असते. परंतु नियम आणि रनटाइमची कामे एकत्र असलेली फंक्शन्स किती आहेत, यावरच सारा खर्च ठरत असल्यामुळे अंदाजाने सांगितलेला आकडा तुमच्याच अंगाशी येईल. तुमचे वापरकर्ते पुण्यातच असतील आणि डेटाबेस मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तर नोडवरच राहा असा सल्लाही आम्ही देतो, कारण एजवर, म्हणजे वापरकर्त्याजवळच्या सर्व्हरवर, गेल्याने प्रत्येक क्वेरीचा मुंबईपर्यंतचा प्रवास टळत नाही. स्थलांतराचे काम आमच्याकडे दिल्यास तपासणीचे शुल्क अंतिम बिलातून वजा होते.

तपासणीसाठी रिपॉझिटरी केवळ वाचता येईल एवढीच परवानगी द्यावी आणि लॉकफाइल (वापरलेल्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) त्यात असल्याची खात्री करावी. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची (ॲपला बाहेरून दिलेल्या सेटिंग्जची) फक्त नावे कळवावीत. पासवर्ड आणि सिक्रेट-की व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत.