माळ्यावरची चिंगी

मागच्या जुलैत आमची चिंगी दोन तास सापडेना. गिरगावातलं दीड खोलीचं घर, मांजर जाऊन जाऊन जाणार कुठे? शेजारच्या काकूंनी गॅलरी, जिना, पाण्याच्या पिंपामागची फट, सगळं पालथं घातलं. शेवटी माळ्यावरून शिंक ऐकू आली. गणपतीच्या मखराच्या खोक्यात, आजीच्या गोधडीवर बाईसाहेब पसरल्या होत्या.

आम्ही घामाने निथळतोय आणि ही गोधडीवर! पण तिचं गणित बरोबर होतं. अंगाचं तापमान सांभाळायला मांजराला जादा शक्ती खर्चावी लागत नाही, तो पट्टा साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअसचा. आपण पंखा पाचवर नेतो, तिथे त्याचं सुख सुरू होतं.

दुसरं कारण भीती. मांजर शिकारी खरं, पण जीव लहान. मोठ्या जनावराच्या तोंडी जायची धास्ती त्यालाही असते. तीन बाजू झाकलेल्या असल्या की लक्ष ठेवायला एकच उरते. २०१४ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्याने आलेली १९ मांजरं घेतली आणि त्यातल्या दहांना लपायला खोकी दिली. खोकीवाली मांजरं लवकर सावरली. त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून सुतार ठोकाठोक करत होता, हे मला नंतर आठवलं.

राहता राहिलं माळ्याचं सरकतं दार. ते मी स्वतः लावलं होतं, मग तिने उघडलं कसं? एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांना कळीच्या पेट्यांत कोंडून बाहेर खाणं ठेवलं. मांजर ओरबाडायचं, चावायचं, धडपडता धडपडता कधीतरी दोरीची कडी ओढली जायची आणि दार उघडायचं. पुढच्या खेपांना वेळ हळूहळू कमी होत गेला, एकदम नव्हे. यावरून तो म्हणाला, हा विचार नव्हे, चुकतमाकत जडलेली सवय.

असेलही. पण मी चिंगीला कपाटावर बसून दाराकडे टक लावून बघताना पाहिलंय. मग एक पंजा, फटीत दोन नखं, एक हिसका. दार चार बोटं सरकलं की आधी मिशा आत, मग डोकं. मांजराच्या गळपट्टीचं हाड खांद्याला घट्ट जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं शिरलं की धडही बहुधा शिरतं.

दाराला आता कडी लावलीय. ती बाहेरून लागते, म्हणून लावण्याआधी स्टुलावर चढून खोक्यात हात घालून बघावं लागतं. मखर सध्या कपाटावर आहे.