स्पितीचं माळवद आणि आमचं माळवद

परवा नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचा, ताबो मठाचा फोटो आला. खाली मजकूर: 'हा मठ निव्वळ मातीचा, तरी हजार वर्षांत विरघळला नाही, कारण लामांच्या मंत्रशक्तीने तिथं पाऊस उतरतच नाही.' मठ इ.स. 996 चा, हे खरं. भिंती मातीच्या, हेही खरं. पाऊस नावापुरता, तेही खरं. पण पाऊस मंत्रानं अडत असेल, तर बीड-धाराशिवच्या वाट्याला कोण मंत्र पुटपुटतंय तेवढं सांगा!

माझी नजर मात्र मागच्या घरांवर गेली. सपाट मातीची छपरं, त्यावर रचलेला चारा आणि सरपण. अगदी मराठवाड्यातल्या आमच्या आजोळच्या माळवदासारखं. तुळया, त्यावर काटक्या, मग हात-दीड हात मातीचा थर. आमच्याकडे मृगाच्या तोंडावर त्यावर पांढरी माती टाकायची आणि पन्हाळं मोकळी करायची. कोकणात असं घर बांधून बघा, एका पावसाळ्यात चिखल होईल. तिथं उतरती कौलंच हवीत. छप्पर कसं असावं हे वारा ठरवतो.

कसं, ते जरा निवांत पाहू. सायकलला पंपानं हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबलेली हवा तापते आणि पसरलेली गार होते. वारा डोंगर चढतो तेव्हा वर दाब कमी असल्यानं तो पसरतो आणि दर किलोमीटरला सुमारे 10 अंशांनी गार होतो. गार हवेत बाष्प कमी मावतं, म्हणून एका उंचीला ढग धरतो. इथून पुढे गंमत आहे. वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे जवळपास 600 कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती हवेलाच मिळते, त्यामुळे पुढच्या चढणीत हवा किलोमीटरला 10 नव्हे, सहाएक अंशांनीच गार होते.

मनालीकडून 2,000 मीटर उंचीवर 20 अंशांची, बाष्पानं भरलेली हवा निघाली असं धरा. रोहतांग खिंड जवळपास 4,000 मीटरवर. तिथं पोचेतो हवा 8 अंशांवर आली आणि पाऊस खिंडीच्या अलीकडच्या बाजूलाच पडून गेला. पलीकडे लाहौलात ती 3,000 मीटरपर्यंत उतरली. आता ढग नाही, म्हणजे तापायचा दर पुन्हा पूर्ण 10 अंश. झाली 18. चढताना याच उंचीवर ती 14 होती. बाष्प तेच 8 अंशांच्या हवेत मावेल एवढं, आणि 18 अंशांच्या हवेची भूक त्याच्या जवळपास दुप्पट. आर्द्रता 100 टक्क्यांवरून पन्नाशीला आली. पाऊस न पडता ढग तसाच पलीकडे उतरला असता, तर थेंबांची वाफ होताना ती उष्णता परत गेली असती आणि हिशेब फिटला असता. म्हणजे मनालीत भिजणं आणि लाहौलात कोरडं राहणं ही एकाच व्यवहाराची दोन टोकं. कुंझुम खिंड ओलांडून स्पितीत शिरेपर्यंत मोसमी वाऱ्यात फारसं काही उरतच नाही.

मराठवाड्याशी हाच व्यवहार सह्याद्री करतो, पण तो त्या मानानं बुटका, म्हणून आमची शिक्षाही सौम्य. बीडला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर तरी पडतो. नांदेडकडे बंगालच्या उपसागराची कृपा, म्हणून तिथं जरा जास्त. स्पितीला तीही नाही. तिचं पाणी हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या बर्फातून येतं. उन्हाळ्यात ते वितळतं आणि 'कूल' म्हणतात त्या पाटांनी सातू-वाटाण्याला पोचतं. पाट जाईल तेवढीच शेती. म्हणून जुन्या रिवाजात जमीन थोरल्याची आणि धाकटे मठात. आमच्याकडे दोन हातांच्या बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात. इतिहास थोडक्यात असा: हा मुलूख बराच काळ लडाखच्या राजाखाली होता, 1846 नंतर इंग्रजांकडे गेला, पण गावगाडा 'नोनो' या स्थानिक प्रमुखाच्या हाती राहिला. लाहौल-स्पिती जिल्हा आकारानं बीडहून मोठा आहे. 2011 च्या जनगणनेत बीडची वस्ती पंचवीस लाखांवर होती, तिथली जेमतेम साडेएकतीस हजार.

ही यंत्रणा कळली की धोंडी काढून किंवा बेडकांची लग्नं लावून काय होणार ते कळतं. 2015 आणि 2019 साली मराठवाड्यातून विमानं उडवून केलेल्या कृत्रिम पावसाचा गाजावाजाही त्याच मापानं तोलावा. मुळात जोमदार ढग असेल तरच फवारणीला अर्थ. उतरत्या, तापत्या हवेत मीठ उधळून ढग जन्मत नाही.

मातीचं छप्पर उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार असतं, वर वाळवण घालता येतं, झोपता येतं. पण त्याचं वजन विसरू नका. 19 जानेवारी 1975 च्या किन्नौर भूकंपात ताबोच्या मठालाही इजा झाली. आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला धक्क्याची तीव्रता 6.2 होती. हिमालयाच्या मानानं तो मोठा नव्हे. पण दगड-मातीच्या भिंती ढासळल्या आणि दर वर्षीच्या पांढरीनं जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. मेलेल्यांचा आकडा हजारांत गेला. पुनर्वसनाच्या गावांत नंतर माळवद फारसं कुणी घातलं नाही.