शिडाच्या नौकेतील वीज-वायरिंग

शिडाच्या नौकेतील वीज-वायरिंग : वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेत बॅटरीपासून दिवे, पंप, बिनतारी यंत्र व दिशादर्शक उपकरणे यांपर्यंत वीज नेणाऱ्या तारांची आखणी व बसवणी. वीज बहुधा १२ व्होल्ट, क्वचित २४ व्होल्ट एकदिश असते. दाब इतका कमी असल्यामुळे तारेचा अल्प रोधही जाणवतो आणि घरातील २३० व्होल्टच्या वायरिंगचे अंदाज येथे चालत नाहीत.

तारेची जाडी प्रवाह आणि जाऊन-येऊन होणारी लांबी यांवर ठरते. बॅटरीपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत १८ मीटर अंतर असेल, तर हिशेब ३६ मीटरचा करावा लागतो. तेथे २५ वॉटचा दिवा सुमारे २ अँपियर घेतो; २.५ चौ. मिमी. तारेत त्यामुळे जवळजवळ अर्धा व्होल्ट, म्हणजे ४ टक्क्यांहून अधिक दाब खर्ची पडतो. मार्गदर्शक दिव्यांसाठी ३ टक्के ही मर्यादा सामान्यतः मानली जाते, म्हणून ४ चौ. मिमी. तार घ्यावी लागते. एलईडी दिव्यांमुळे हा प्रश्न बराच सौम्य झाला आहे.

तांब्याच्या तारेवरील कथिलाचा मुलामा खाऱ्या हवेसाठीच निघाला, असे सर्रास सांगितले जाते. दुसऱ्या मतानुसार एकोणिसाव्या शतकात गंधक घालून पक्क्या केलेल्या रबराचे वेष्टण तारांना चढू लागले, तेव्हा गंधकाने तांबे काळे पडू नये म्हणून हा मुलामा आला. हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण समुद्राशी संबंध नसलेल्या इमारतींच्या लाकडी केसिंग-कॅपिंगमध्ये, बडोद्यासारख्या शहरांतील जुन्या घरांतही, ज्या रबरी तारा ओढत, त्यांचे तांबे सामान्यतः कथिल दिलेलेच असे. पुढे पीव्हीसी आल्यावर मूळ कारण उरले नाही, तरी समुद्रावर मुलामा टिकला, आणि त्याचा उपयोगही खरा आहे : १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात असलेल्या ओखामंडळासारख्या किनाऱ्यावर खारी दमट हवा वेष्टणाच्या आत शिरून उघडे तांबे बडोदे शहरापेक्षा कितीतरी लवकर खाते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमांत मात्र मुलामा सक्तीचा नाही. तार अनेक बारीक धाग्यांची असणे तेथे अधिक महत्त्वाचे मानतात, कारण एकसंध तार सततच्या कंपनाने तुटते.

ऋण तारेच्या रंगाविषयीही एकवाक्यता नाही. अमेरिकेत घरगुती विजेची जिवंत तार काळी असल्याने गोंधळ टाळण्यासाठी नौकेतील ऋण तारेस पिवळा रंग सुचवतात. भारतातील रूढ तीन-फेज वायरिंगमध्ये पिवळी तार हीच एक फेज असते आणि काळी न्यूट्रल. त्यामुळे येथील वायरमनच्या हाती जाणाऱ्या नौकेत काळी ऋण तार ठेवणे अधिक सुरक्षित ठरावे. दोन्ही टोकांस क्रमांकाची पट्टी लावून तोच क्रमांक नकाशात नोंदवला, तर रंगाचा वाद पुष्कळसा निरर्थक होतो.

मुख्य धन तारेवर फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, सुमारे २० सेंमी.च्या आत असावा. तो उपकरणाचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. तळाशी साचणारे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप मुख्य स्विचच्या आधीच, स्वतंत्र फ्यूजमधून जोडतात, म्हणजे नौका बंद करून गेल्यावरही तो चालतो. तारांच्या जुड्या या पाण्याच्या पातळीच्या वर, साधारण दर ४५ सेंमी.ला आधार देऊन नेतात. केवळ झाळलेला जोड ग्राह्य धरत नाहीत, कारण झाळ जेथे संपते तेथे तार ताठर होऊन कंपनाने मोडते. योग्य पकडीने दाबलेले टर्मिनल आणि त्यावर आतून डिंक असलेली आकसणारी नळी, ही सध्याची रीत आहे. पोकळ डोलकाठीतील तारा नळीतून नेतात. मोकळ्या सोडल्यास त्या लाटांवर रात्रभर आपटत राहतात. डोलकाठीच्या पायाशी त्या खाली झोळ देऊन आत घेतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते, जोडापर्यंत पोहोचत नाही.