डिगलीपूर (उत्तर अंदमान): इको-टुरिझमचा तळ

डिगलीपूर हे उत्तर अंदमान बेटावरचं सगळ्यात मोठं गाव. जिल्हा उत्तर आणि मध्य अंदमान, पण जिल्ह्याचं मुख्य ठिकाण इथं नाही, ते खाली मायाबंदरला. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या तहसिलीची लोकसंख्या ४३ हजारांच्या आसपास होती आणि त्यातली बरीचशी आजूबाजूच्या खेड्यांत विखुरलेली, त्यामुळे गाव म्हणाल तर एक बाजार, बस स्टँड, बँका, सरकारी ऑफिसं, दवाखाना, चार-सहा लॉज, तासाभरात पालथं घालून होतं. गावात बघण्यासारखं जवळजवळ काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण फोटो बघून येणारे बाजारात उतरतात आणि समुद्र कुठाय म्हणून विचारतात. समुद्र ९-१० किलोमीटरवर, एरियल बेच्या जेटीला. कासवांचा कालीपूर किनारा १८-२० किलोमीटरवर. सॅडल पीकचं जंगल त्याच्याही पुढं. गाव फक्त मुक्कामाचा तळ, रोज सकाळी उठून कुठंतरी जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

अंतर हाच इथला मोठा मुद्दा. पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ पासून नाव श्री विजयपुरम, बोलण्यात अजून जुनंच चालतं) रस्त्यानं साधारण ३०० किलोमीटर आणि त्याला १० ते १२ तास लागतात. रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड. पहाटे चारच्या आसपास बस निघते, जिरकाटांगच्या चेकपोस्टला सगळ्या गाड्या थांबवतात आणि ठराविक वेळेला पोलिसांच्या देखरेखीखाली एकत्र ताफा करून सोडतात, कारण पुढचा पट्टा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मग मिडल स्ट्रेटला गाड्या बार्जवर (गाड्या नेणाऱ्या सपाट बोटीवर) चढवून बाराटांगला उतरवायच्या, पुढं हम्फ्री स्ट्रेटवर आता पूल झालाय त्यामुळं तिथली दुसरी बार्ज सुटली, मग कदमतला, रंगत, मायाबंदरचा फाटा, आणि ऑस्टिन खाडीवरचा चेंगप्पा पूल ओलांडला की उत्तर अंदमान सुरू. जारवा पट्ट्यात गाडी थांबवणं, खायला फेकणं, फोटो-व्हिडिओ काढणं हा गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच राखीव भागातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी रस्ता चालूच आहे, आणि काही लोक अजूनही ‘जारवा दिसले का’ हाच प्रश्न घेऊन येतात, ज्याला इको-टुरिझम म्हणणं म्हणजे कमालच आहे. हा पट्टा टाळायचा तर पोर्ट ब्लेअर ते एरियल बे सरकारी बोट असते, रात्रभराचा प्रवास, वेळापत्रक हवेवर आणि जहाजाच्या तब्येतीवर अवलंबून, पण मन साफ राहतं. हेलिकॉप्टरही असतं, सीट अगदी मोजक्या आणि आजारी माणसाचा नंबर आधी, तो असायलाच हवा. शिबपूरला धावपट्टी आहे पण ती नौदलाची (आयएनएस कोहासा, २०१९), पर्यटकांसाठी नाही.

इंग्रजांनी अंदमानात पहिली वसाहत १७८९ ला केली ती आजच्या पोर्ट ब्लेअरच्या जागी, पण १७९२ मध्ये ती उचलून इकडं ईशान्येला, एरियल बेच्या वरच्या अंगाला असलेल्या पोर्ट कॉर्नवॉलिसला आणली, बंदर मोठं आणि आरमारासाठी चांगलं म्हणून. रोगराईनं माणसं इतकी मरायला लागली की १७९६ ला सगळं सोडून निघून गेले. १८२४ ला पहिल्या ब्रह्मी युद्धासाठी जहाजं इथंच जमली होती, त्यानंतर परत सामसूम. आपल्याकडं अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर, त्यामुळं उत्तरेचा हा भाग सहसा कुणाला माहीतच नसतो. पण ही जमीन रिकामी कधीच नव्हती. उत्तर अंदमानात ग्रेट अंदमानी लोकांच्या बो, जेरू, खोरा अशा जमाती राहायच्या, इंग्रजांबरोबर आलेल्या साथींनी त्यांचा जवळजवळ नायनाट केला, जे वाचले त्यांना पुढं स्ट्रेट आयलंडवर हलवलं, आणि बो भाषा बोलणारी शेवटची बाई, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये वारली.

आजचं डिगलीपूर उभं केलं ते फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी, १९५० च्या दशकात. सरकारनं जंगल तोडून शेतीला जमीन दिली, आणि खेड्यांची नावंच बघा, सीतानगर, रामनगर, राधानगर, लक्ष्मीपूर, सुभाषग्राम, खुदीरामपूर, म्हणजे अर्धी पुराणातली आणि अर्धी स्वातंत्र्यलढ्यातली. जंगलकामासाठी छोटा नागपूरहून आणलेले आदिवासी मजूर आहेत, त्यांना सरसकट रांचीवाले म्हणतात, तमिळ-तेलुगूही आहेत. बाजारात बंगाली जास्त ऐकू येते, हिंदी सगळ्यांनाच येते. भात, सुपारी, नारळ आणि इथली संत्री, ती बेटांवर प्रसिद्ध आहेत. जेवायला मासे-भात, शाकाहारी लोकांनी डाळ-भात-भाजीवर समाधान मानायचं.

आता रॉस आणि स्मिथ. पहिली गोष्ट, हे ते रॉस नव्हे. पोर्ट ब्लेअरसमोरचं पडक्या इंग्रजी इमारतींचं रॉस वेगळं, त्याचं नाव २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. इथलं रॉस हे छोटं जंगली बेट, शेजारी मोठं स्मिथ, आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या वाळूचा दांडा जो ओहोटीला उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो. एरियल बेच्या जेटीजवळ फॉरेस्ट ऑफिसमधून परमिट घ्यायचं, ओळखपत्र लागतं, मग तिथूनच डुंगी ठरवायची (लहान इंजिनाच्या होडीला इकडं डुंगी म्हणतात), २०-३० मिनिटांत पोचवते. भाडं माणशी नसतं, पूर्ण बोटीचं असतं, त्यामुळं एकटा-दुकटा माणूस जेटीवर दुसऱ्या पाहुण्यांची वाट बघत बसलेला दिसतो. स्मिथवर वस्ती आहे, रॉसवर मुक्काम करता येत नाही, दिवसा जाऊन परत यायचं. भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशी बोटवाल्यालाच विचारून घ्या, कारण लोक दुपारी पोचतात, दांडा पाण्याखाली असतो आणि मग फोटोतलं काहीच दिसलं नाही म्हणून चिडतात. पाण्यात प्रवाळ आहे, त्याच्यावर उभं राहू नये, आणि मेलेलं असलं तरी उचलू नये, प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि परतताना बॅग तपासणीत सापडलं तर अडकलात. प्लास्टिक नेलंत तर परत आणायचं, तिथं कचरा उचलायला कुणी येत नाही.

पण डिगलीपूरला यायचं खरं कारण माझ्या मते कालीपूर. काळपट करड्या वाळूचा किनारा, पोहायला काही खास नाही, दिवसा गेलात तर म्हणाल यासाठी एवढं आलो? रात्री मात्र इथं चार जातींची समुद्री कासवं अंडी घालायला चढतात: ऑलिव्ह रिडले, ग्रीन, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. एकाच किनाऱ्यावर चारही, हे जगात फार कमी ठिकाणी होतं. आपल्याकडं कोकणात वेळासला जी येतात ती ऑलिव्ह रिडले, इथंही त्यांचाच भरणा जास्त, लेदरबॅक दिसणं नशिबाचा भाग (तिचे मोठे किनारे दक्षिणेला, लिटल अंदमान आणि निकोबारकडं). हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, थोडं पुढंमागं. मादी भरतीच्या पाण्याबरोबर वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटून जागा बुजवते आणि निघून जाते, परत वळून बघत नाही. फॉरेस्टची माणसं रात्रभर किनाऱ्यावर फिरून अंडी गोळा करतात आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत (अंडी उबवायच्या जागेत) पुरतात, नाहीतर कुत्री आणि घोरपडी उकरून खातात. ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात, वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त, म्हणून हॅचरीत सावली किती ठेवायची याला पण महत्त्व आहे.

इथं पाहुण्याचं काम म्हणजे गप्प बसणं. टॉर्च नाही, फ्लॅश नाही, मोबाईलचा उजेड नाही, कारण मादी उजेडानं बिचकून अंडी न घालताच परत फिरते आणि पिल्लं क्षितिजावरच्या उजळ बाजूकडं चालतात, म्हणजे तुमच्या मोबाईलकडं. फॉरेस्टच्या माणसाला आधी सांगून ठेवलं तर तो बरोबर नेतो, हॅचरीतली पिल्लं सोडताना बघायला मिळतात. कधी रात्रभर बसून एकही कासव येत नाही. ज्याला हे चालत नाही त्यानं येऊ नये. किनाऱ्याच्या समोरच टेकाडावर सरकारी टर्टल रिसॉर्ट आहे, नाव रिसॉर्ट पण गेस्टहाऊसच समजा. कासवांसाठी येणाऱ्यांनी गावात न राहता कालीपूरलाच राहिलेलं बरं, कारण रात्री उशिरा गावात परत जायला गाडी मिळत नाही.

सॅडल पीक ७३२ मीटर, अंदमान-निकोबारमधलं सगळ्यात उंच शिखर. आकडा ऐकून सह्याद्रीत फिरणारे हसतात, पण इथं चढाई अगदी समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि हवा इतकी दमट की अर्ध्या तासात शर्ट पिळून काढावा. लामिया बेच्या चौकीवर नोंद करायची, गाइड घ्यायचा, पहिले काही किलोमीटर किनाऱ्याच्या कडेकडेनं, ओढे ओलांडत, मग खडा चढ, एका बाजूनं साधारण ८ किलोमीटर. उजाडताच निघायचं. अंदमान आपल्याच घड्याळावर चालतं पण फार पूर्वेला आहे, डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि दाट झाडीत त्याच्या आधीच अंधार. जंगल सदाहरित, पक्ष्यांमध्ये अंदमानचा काळा सुतार, अंदमान वुड पिजन, अंदमान सर्प गरुड, असे फक्त या बेटांवरच मिळणारे. मोठं शिकारी जनावर कुठलंही नाही. चितळ दिसले तर खूश होऊ नका, ते इंग्रजांनी आणून सोडलेले, त्यांना खाणारं कुणी नाही, त्यामुळं नवीन रोपं वर येऊ देत नाहीत, जंगलाची वाट लावतात.

बाकीची ठिकाणं थोडक्यात. श्यामनगरचा चिखलाचा ज्वालामुखी, म्हणजे गॅसच्या जोरावर बुडबुडणारा राखाडी चिखल, बाराटांगला बघितला असेल तर सोडून दिला तरी चालेल. रामनगरजवळच्या आल्फ्रेड गुहांत पाकोळीच्या जातीतले छोटे पक्षी आपल्या लाळेची घरटी बांधतात, पूर्व आशियात त्याचं सूप करतात आणि त्यापायी इथली घरटी चोरून पार लुटली गेली होती, आता वनखात्याचा पहारा असतो, परवानगीशिवाय जाता येत नाही. कालपोंग नदीवर ५.२५ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र आहे, बेटांवर बहुतेक वीज डिझेलवर चालते म्हणून त्याचं कौतुक.

जमीन इथं शांत नाही. सप्टेंबर २००२ मध्ये डिगलीपूरला ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि डिसेंबर २००४ च्या मोठ्या भूकंपात तर उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला, प्रवाळ उघडं पडून मेलं, त्याच वेळी पोर्ट ब्लेअरकडची जमीन खचून शेतात खारं पाणी शिरलं. पाऊस मे ते नोव्हेंबर, दोन्ही मान्सूनचा, वादळं पण तेव्हाच. डिसेंबर ते एप्रिल बरा. खाड्यांमध्ये, खारफुटीत आणि काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ‘इथं उतरू नका’ म्हटलेल्या बोर्डाकडं गंमत म्हणून बघू नये. किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावते आणि खाज आठवडाभर टिकते, पायाला खोबरेल तेल चोपडून बसा.

मोठी हॉटेलं, क्रूझ, वॉटर स्पोर्ट असलं स्वराज द्वीपला (हॅवलॉक) जे झालं ते इथं अजून झालेलं नाही, आणि त्याचं श्रेय कुठल्या धोरणाला देण्यापेक्षा त्या १२ तासांच्या रस्त्याला द्यावं असं वाटतं. पैसे बोटवाले, गाइड, छोटे लॉज, खानावळी यांच्याकडं जातात. पण विमानं सुरू व्हावीत अशी स्थानिकांची मागणी खरी आहे, आजारी माणूस पोर्ट ब्लेअरला न्यायचा तर त्यांना पण तेवढेच तास लागतात, पर्यटकानं ‘हे असंच राहू दे’ म्हणणं सोपं आहे.

यायचं तर किमान तीन रात्री धरा, येण्या-जाण्याचे दोन दिवस वेगळे. कॅश जवळ ठेवा, नेटवर्क शहरासारखं मिळेल असं धरू नका. आणि परतीचं विमान असेल त्याच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोचून राहा, हवा बिघडली की बोट सुटत नाही, आणि ताफ्याची वेळ चुकली तर चेकपोस्टवर पुढच्या ताफ्यापर्यंत बसून राहावं लागतं.