विजेचा वैल आणि बिअरमधले कोफ्ते

गटारीच्या रविवारी नौपाड्यात मटणाच्या दुकानापुढची रांग सकाळी सातलाच फुटपाथवर येते. नंबर लागल्यावर मी एक किलो खिमा सांगितला आणि वर दोन पाये. "खिम्यात पाये कशाला, ताई?" हातातला सुरा न थांबवता मामांनी विचारलं. मागच्या रांगेने उत्तराला सवड दिली नाही, म्हणून ते इथे देते.

नणंदेने अमेरिकेहून येताना स्लो कुकर आणला होता आणि सोबत तिथली एक कृती. खिम्याचे गोळे, कांदा, टोमॅटो, वरून बिअर, झाकण लावा आणि सहा तास विसरून जा. मे महिन्यात मी ते तंतोतंत केलं. गोळे उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचे झाले, रस्सा पाणचट आणि कडू, कांदा दाताखाली करकर वाजत होता. "सहा तास वीज जाळून एवढंच?" सासूबाईंनी विचारलं.

खरं तर हे भांडं त्यांच्या ओळखीचं असायला हवं होतं. त्यांच्या माहेरच्या चुलीला वैल होता. जाळ पुढच्या तोंडाशी, वैलावर नुसती धग. दूध दुपारभर तिथे राहायचं आणि त्यावर जाड साय धरायची. स्लो कुकर म्हणजे विजेचा वैल. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. लिथुआनियातल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्ताआधी कालवणाचं भांडं बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत रात्रभर ठेवत, ही आईकडून ऐकलेली आठवण त्यामागे होती. १९७०मध्ये रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी 'क्रॉक-पॉट' बाजारात आला.

या मंद धगीला एकच काम उत्तम जमतं, कोलॅजन विरघळवणं. जनावराच्या पायात, मांडीत, मानेत स्नायूंना बांधून ठेवणारं हे प्रथिन, म्हणजे दोरासारखे एकमेकांत पिळलेले तीन पेड. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे पीळ सुटू लागतो आणि त्याचं जिलेटिन होतं, पण त्याला तास लागतात. प्रेशर कुकर १२० अंशांच्या आसपास जाऊन तेच काम शिट्ट्यांवर उरकतो. स्लो कुकर शंभराच्या जरा खाली राहून दिवसभर करतो.

आता गंमत बघा. खिम्यातलं कोलॅजन खाटकाच्या यंत्राने आधीच तुकडे तुकडे केलेलं असतं. म्हणजे कृतीने ज्या कामासाठी सहा तास मागितले, ते काम उरलेलंच नव्हतं. उलट सहा तासांत गोळ्यातली बाकीची प्रथिनं आकसत जातात, पाणी पिळून बाहेर टाकतात आणि गोळा भुसभुशीत होतो. गोळ्यांना अडीच तास पुष्कळ झाले. लांब वेळ हवा तो पायांना, आणि त्यांतून सुटणारं जिलेटिनच पाणचट रश्श्याला दाटपणा देतं. म्हणून पाये.

बाकीचं सगळं झाकण लावायच्या आधी करायचं. त्यातलं पहिलं मळणं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचंही तेच. खिम्यात आधी फक्त मीठ घालून चार-पाच मिनिटं मळा. सुरुवातीला तो हातातून सुटा सुटा पडतो. मग बोटांना तार धरायला लागते, आणि शेवटी मूठभर खिमा तळव्यावर घेऊन हात उलटा केला तरी चिकटून राहतो. मिठात मायोसिन नावाचं प्रथिन विरघळून बाहेर येतं आणि शिजताना त्याचं जाळं होतं. गोळा फुटत नाही तो त्यामुळे. जाळं फार घट्ट झालं तर गोळा रबरी होतो, म्हणून त्यानंतर दुधात भिजवलेला पाव कुस्करायचा. पावातला स्टार्च पाणी धरून ठेवतो आणि प्रथिनांच्या मधेमधे बसतो. आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर तुमच्या घरच्या हिशोबाने.

दुसरं, गोळे तव्यावर खरपूस करायचे. तो तपकिरी रंग आणि वास माइयार प्रक्रियेचा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय माइयार यांनी ती १९१२ साली मांडली. प्रथिनांचे घटक आणि साखर यांची ही जुगलबंदी १४० अंशांच्या आसपास रंगात येते. ओल्या भांड्यात शंभराच्या वर जाताच येत नाही, तेव्हा तिथे वाट बघण्यात अर्थ नाही. कांदाही आधी परतून मऊ करायचा. बिअर आणि टोमॅटो दोन्ही आंबट, आणि आंबटात कांद्याच्या पेशींना सांधणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. माझा करकरणारा कांदा त्यातलाच.

बिअरचा कडवटपणा हॉप्सच्या फुलांमधून येतो. ती कडू द्रव्यं वाफेबरोबर उडत नाहीत. बिअर जितकी आटवाल तितकी कडू. त्यामुळे कमी कडू बिअर निवडावी आणि गुळाचा लहान खडा हाताशी ठेवावा. काळपट बिअर मिळाली तर जास्त चांगली, तिच्यातलं धान्य भाजताना माइयारचं काम आधीच झालेलं असतं.

राहिलं अल्कोहोल. ते ७८ अंशांना उकळतं म्हणून शिजवताना सगळं उडून जातं, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक घरात असतात. पाण्यात मिसळल्यावर ते तसं सुटं निघून जात नाही. तासभर शिजवलेल्या पदार्थात साधारण पाव हिस्सा, अडीच तासांनी पाच टक्के उरतं, हे अमेरिकेत मोजून पाहिलेलं आहे. स्लो कुकरचं झाकण वाफ परत आत ढकलतं, तेव्हा तिथे जास्तच उरणार. ३३० मिलिलिटरची पाच टक्क्यांची बाटली म्हणजे जेमतेम साडेसोळा मिलिलिटर अल्कोहोल, तेही सहा जणांत वाटलेलं. तरी मी बिअर आधी उघड्या पातेल्यात दहा मिनिटं उकळते. ज्याला अजिबात नको त्याने बिअरऐवजी मटणाचं पाणी वापरावं. लहान मुलांसाठी मी तेच केलं.

उकळलेली बिअर गरमच ओतायची, हेही महत्त्वाचं. जाड भांडं तापायला वेळ घेतं आणि ५ ते ६० अंश हा जिवाणूंचा सुगीचा काळ. अख्ख्या तुकड्यावर ते बाहेरून असतात, खिम्यात ते दळून आतपर्यंत पोचलेले असतात, म्हणून गोळ्याच्या मध्यावर ७१ अंश भरले पाहिजेत. जाता जाता: राजमा भिजवून थेट या भांड्यात कधीच टाकू नका. त्यातलं विषारी लेक्टिन मंद धगीत नष्ट होत नाही. आधी खळखळून उकळायलाच हवा.

त्या रविवारी पाये सकाळी साडेआठला पडले, गोळे संध्याकाळी सहाला. सासूबाईंनी बिअरचं नाव काढलं नाही, दुसऱ्यांदा रस्सा मात्र मागितला. उरलेला मी डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, श्रावण लागायला अजून दोन दिवस होते. सकाळी डबा उघडून आडवा केला. रस्सा सांडला नाही, नुसता थरथरला.